तुमची स्पर्धा गावाहून येणाऱ्या पोत्याशी आहे : नाशिकमध्ये हेल्थ फूडचं दुकान काढण्याआधी

"नाशिकला हेल्थ फूडचं दुकान टाकतोय, चालेल ना?" असं विचारणारं कुणी ना कुणी महिन्यातून एकदा तरी भेटतं. विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा कॉलेज रोडला गाळा बघून ठेवलेला असतो, कधी कधी टोकनही देऊन झालेलं असतं. हिशेब तोंडपाठ असतो. २०११ च्या जनगणनेतच शहर पंधरा लाखांना टेकलेलं. पहाटे गोल्फ क्लब मैदानावर चालणाऱ्यांची जत्रा. डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून तर प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-चार गिअरच्या सायकली. एवढी माणसं चालतात, पळतात, पेडल मारतात, म्हणजे ती किन्वा खाणारच की!

माझाही हिशेब हाच होता. चौदा महिन्यांनी शटर ओढलं आणि उरलेली चिया सीड्सची पाकिटं नातेवाइकांत वाटली. सासूबाई अजून ती सब्जा समजून सरबतात घालतात.

दुसऱ्या खेपेला मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी माणसं, मग माल आणि गाळा सगळ्यात शेवटी. त्या क्रमानंच लिहिते. यात काही महिने जातात आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत. घाई असेल तर पुढचं वाचू नका, कारण गाळामालकाला तुमच्यापेक्षा जास्त घाई असते आणि त्या घाईत दोघांपैकी एकाचंच भलं होतं.

पायरी १ : शहर विसरा, दोन किलोमीटर धरा

नाशिक हे एक गाव नाहीच. नाशिक रोडचा माणूस आजही "जरा नाशिकला जाऊन येतो" म्हणतो, आणि राहतो महापालिकेच्या हद्दीतच. तो तुमच्या गंगापूर रोडच्या दुकानात नागलीच्या बिस्किटासाठी येणार नाही. सिडकोचा माणूस पंचवटीत लग्नाला जातो, किराण्याला नाही. तेव्हा 'नाशिकमध्ये चालेल का' या प्रश्नाला उत्तर नसतं. 'या चौकाच्या आसपास दोन किलोमीटरमध्ये चालेल का' याला असतं.

प्रत्येक भागाचं पोट वेगळं आहे. कॉलेज रोडला गर्दी दिसते, ती पोरांची. त्यांच्या खिशात मिसळीचे आणि कोल्ड कॉफीचे पैसे असतात, किलोभर हातसडीचा तांदूळ घेऊन ती हॉस्टेलवर जात नाहीत. मी इथेच फसले. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. खरं तर सांगितलंही होतं, मी ऐकलं नाही.

गंगापूर रोड, महात्मानगर इथे दवाखाने, बंगले आणि सकाळच्या जॉगिंग ट्रॅकवरचे लोक. पैसा आहे, पण त्यांच्यातल्या पुष्कळांचे 'ठरलेले' पुरवठादार आहेत. कुणाचा शेतकरी घरी आणून देतो, कुणी मुंबईहून मागवतं. इंदिरानगरमध्ये नोकरदार जोडपी आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आईवडील. म्हणजे एकाच घरात शुगरवाला, टिफिनवाला आणि वजन कमी करणारी अशी तीन गिऱ्हाइकं. नाशिक रोडला नोटांच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेली पेन्शनवाली मंडळी आहेत. खर्च जपून करतात, पण एकदा विश्वास बसला की पाच तारखेला न चुकता येतात. देवळाली कॅम्पला सॅनेटोरियममध्ये हवापालटासाठी येणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, तिथला शनिवार-रविवार वेगळा आणि मंगळवार वेगळा. पंचवटीत देवळं, जुनी घरं आणि उपवास. सिडको आणि सातपूर म्हणजे कारखान्यांच्या शिफ्ट, आणि सिडकोत निम्मा खानदेश नि कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) राहायला आलेला. तिथे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर भाषण देऊ नका, ती तुम्हालाच शिकवतील.

एक भाग निवडा. दोन निवडलेत तर दोन्हींचं काम अर्धवट होईल. मग त्या चौकात तीन वेळा जाऊन उभं राहा: कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते आठ, त्याच दिवशी संध्याकाळी सहा ते साडेआठ, आणि रविवारी सकाळी. वहीत माणसं मोजू नका, पिशव्या मोजा. कोण हातात सामान घेऊन घरी चाललंय, कुठून घेतलंय, थांबायला गाडी कुठे लावली. पार्किंग नाही तिथे पाच किलोचं पीठ विकलं जात नाही.

पायरी २ : पोतं मोजा

ही पायरी मी कुठल्याच व्यवसाय मार्गदर्शनात ऐकली नव्हती, आणि नाशिकमध्ये हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

मुंबईत हेल्थ फूड म्हणून जे काचेच्या बरणीत विकलं जातं, त्यातलं अर्धं नाशिककराच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. नागली (पुण्याकडे आणि कोकणात हिला नाचणी म्हणतात, इथे दुकानाच्या पाटीवर नाचणी लिहिलंत की तुम्ही बाहेरचे ठरता) पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकच्या डोंगरात पिकते. वरई तिथेच पिकते, आणि तिची भगर करणाऱ्या गिरण्या शहरातच आहेत. तांदळाला इगतपुरी-घोटी. बाजरी निफाड-येवल्याकडची. आणि इथल्या बहुतेक घरांची नाळ कुठल्या तरी तालुक्याला जोडलेली आहे. दिवाळीनंतर गावाहून पोतं येतं. ज्यांचं येत नाही ते मार्च ते मे मध्ये वर्षाचं भरून ठेवतात, त्यात गहू तर असतोच.

माझ्या पहिल्या दुकानात एक मावशी आल्या. अर्धा किलो नागलीचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, किंमत वाचली आणि हसून म्हणाल्या, "ताई, एवढ्यात आमचा भाऊ पायलीभर आणून टाकतो की." त्या काही न घेता गेल्या, पण मला वर्षभराचं उत्तर देऊन गेल्या. माझी स्पर्धा समोरच्या सुपरमार्केटशी नव्हतीच, ती त्या भावाच्या पोत्याशी होती. आणि पोत्याशी किमतीत कुणीच जिंकत नाही.

म्हणून निवडलेल्या भागातल्या निदान तीस घरांत जा. ओळखीची, ओळखीच्यांच्या ओळखीची, सोसायटीच्या हळदीकुंकवातली, कशीही. "हेल्थ फूड घ्याल का?" असं अजिबात विचारू नका. सगळे हो म्हणतात. फुकटात हो म्हणायला नाशिककराचं काय जातं? त्याऐवजी हे विचारा:

गहू, ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ यातलं काय गावाहून येतं आणि काय विकत आणता? तेल घाण्यावरचं की डब्यातलं? गेल्या महिन्यात किराण्याच्या यादीबाहेरचं काय आणलं? कुणासाठी? ते कुठे मिळालं, आणि कुठे शोधून मिळालं नाही?

शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. माझ्या तीस घरांत 'मिळत नाही' म्हणून जी यादी झाली तिच्यात किन्वा एकदाही नव्हता. होतं ते असं: निवडून, भिजवून, मोड आणून, भाजून दळलेलं नागलीचं सत्त्व, कारण नागली घरात आहे पण सत्त्व काढायला वेळ नाही. बिनसाखरेचं काहीतरी जे म्हाताऱ्या माणसाला दातानं खाता येईल. मुलीला गव्हाची ॲलर्जी आहे, तिच्या डब्याला रोज काय द्यायचं. जावई जिमला जातो, तो आला की साधे भाजलेले चणे-दाणे सोडून काय ठेवायचं. पोतं धान्य आणतं. निवडणं, भाजणं, दळणं, छोट्या मापात बांधणं हे ते करत नाही. दुकानाची जागा तिथेच आहे, आणि तुमच्या भागात ती किती रुंद आहे ते या तीस घरांतून कळतं.

तीसपैकी वीस घरांत पोतं येत असेल तर घाबरू नका, फक्त सुटं धान्य विकायचा विचार सोडा. तीसपैकी पाच घरांतच येत असेल तर तो भाग नव्यानं राहायला आलेल्यांचा आहे, आणि तिथे साधी चांगली ज्वारीसुद्धा खपते.

पायरी ३ : गिरणीत बसा

भागातल्या पिठाच्या गिरणीवाल्याइतकी माहिती कुणाकडेच नसते. कोणत्या इमारतीत ज्वारी वाढली, कुणाच्या घरी गव्हात सोयाबीन-चणे घालून मल्टिग्रेन दळायला येतं, कुणाला डॉक्टरांनी गहू बंद केला, हे त्याला डब्यावरच्या नावासकट पाठ असतं. आपलं दोन किलोचं दळण घेऊन जा आणि शनिवारी संध्याकाळी जा, कारण रांग तेव्हा असते. रांगेत उभं राहून डबे पाहा. मग निवांत वेळी दादांना विचारा: दिवसाला गव्हाच्या किती डब्यांमागे ज्वारी-बाजरीचा एक येतो? नागली वेगळ्या जात्यावर दळता का? दळायला आणायचा कंटाळा करून "तुमच्याकडेच पीठ आहे का" असं किती जण विचारतात?

हा तिसरा आकडा मला सगळ्यात खरा वाटतो. तयार पिठाची मागणी म्हणजे पोतं नसलेली किंवा वेळ नसलेली घरं. मी तीन गिरण्यांत विचारलं. दोघांनी सांगितलं, तिसऱ्यानं "तुम्ही इन्कम टॅक्सच्या का?" म्हणून चहा पाजून परत पाठवलं. चालायचंच.

गव्हाची ॲलर्जी असलेल्यांसाठी काही विकायचा विचार असेल तर गिरणीचा आणखी एक धडा लक्षात ठेवा. ज्या जात्यावर गहू दळला जातो त्यावरची ज्वारी 'ग्लूटेन-फ्री', म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनापासून मुक्त, राहत नाही. सिलिॲक (ग्लूटेन अजिबात न चालणारा आजार) असलेल्या पोराला त्या चिमूटभर गव्हानंही त्रास होतो. वेगळं जातं नसेल तर ते लेबल लावू नका.

पायरी ४ : पाकिटावरची तारीख वाचा

आता वाणी, मेडिकल, सुपरमार्केट, जिथे जिथे ओट्स, मूसली, पीनट बटर, ब्राउन राइस, जवस, सेंद्रिय गूळ मांडलाय तिथे जा. किंमत नंतर लिहा. आधी पॅकिंगची तारीख लिहा. मागची, पुढची, दोन्ही पाकिटं उलटून. पुढच्या पाकिटाची तारीख मागच्या महिन्यातली असेल तर माल फिरतोय. सात-आठ महिन्यांपूर्वीची असेल आणि वर धुळीचा थर असेल तर तो माल कुणीतरी मोठ्या आशेनं मागवला आणि विसरला. पंधरा दिवसांनी परत जाऊन तीच पाकिटं पाहा. हे असं गुप्तहेरासारखं फिरताना दुकानदार संशयानं बघतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी काहीतरी छोटं विकत घ्या. माझ्या घरात त्या महिन्यात जवसाची चार पाकिटं जमली होती.

बुधवारच्या बाजारातही चक्कर मारा, गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या. आणि पावसाळ्यात पेठ रोड, गंगापूर रोडच्या कडेला करटुली-टाकळ्यासारख्या रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायांशी बोला. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींकडे नागली, वरई, कधी मधही असतो. त्या तुमच्या स्पर्धकही आहेत आणि उद्याच्या पुरवठादारही. भाव पाडून त्यांच्याकडून घेऊ नका. एक तर ते बरं दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे पुढच्या वर्षी त्या दुसऱ्याला देतील.

पायरी ५ : फोन उघडा

दहा-पंधरा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप्स तुमच्या पिनकोडवर येतात का पाहा. ४२२००५ ला काय मिळतं, ४२२००३ ला काय, ४२२१०१ ला काय. ब्रँडचे ओट्स, बदाम दूध, प्रोटीन बार तिथे असतील तर ते तुमच्या दुकानाचं भांडवल अडकवण्याच्या लायकीचे नाहीत. थोडे ठेवा, गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये एवढ्यापुरते. ॲपवर जे नाही त्याची यादी पायरी २ च्या यादीशी जुळवून बघा. दोन्हींत जे आहे ते तुमचं दुकान.

पायरी ६ : डॉक्टर, आहारतज्ज्ञ, जिम

यांच्याकडे "पेशंट पाठवा, कमिशन देतो" म्हणून गेलात तर चांगला डॉक्टर दार दाखवेल आणि जो दाखवणार नाही त्याच्यापासून तुम्हीच लांब राहा. विचारायचं एवढंच: तुम्ही काय खायला सांगता, आणि लोक परत येऊन काय मिळालं नाही म्हणतात? मला एका आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलं, की लोक पदार्थ मिळत नाही म्हणून सोडत नाहीत, तो करायचा कसा हे माहीत नाही म्हणून सोडतात. भाकरी थापता न येणारी पिढी आलीय. ज्वारीच्या पिठाच्या पाकिटाबरोबर उकड काढून पोळीसारखी लाटायची रीत मी छापून देते, ती कल्पना त्यांची.

जिमवाल्यांकडून आशा कमी ठेवा. प्रोटीन पावडरचा धंदा वेगळा आहे. त्याला ओळखी, उधारी आणि नकली माल ओळखायची नजर लागते. मी तो ठेवत नाही.

आणि जीभ सांभाळा. 'शुगर उतरते', 'गाठ विरघळते', 'थायरॉइड बरा होतो' असं पाटीवर, पाकिटावर किंवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लिहिणं हा अन्नसुरक्षा कायद्याच्या जाहिरात-दाव्यांच्या नियमांत गुन्हा आहे. औषध असल्यासारखी भाषा वापरली तर १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदाही आहे. 'भाकरी पोटभर होते' एवढं म्हणायला कुणाची हरकत नाही.

पायरी ७ : हिशेब शेवटाकडून करा

लोक 'विक्री इतकी होईल' म्हणून सुरुवात करतात. आपण खर्चापासून करू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा गाळ्याचं भाडं २५ हजार, एका मुलीचा पगार १५ हजार, लाइट ४ हजार, पिशव्या-पेट्रोल-फोन-किरकोळ ६ हजार. महिना ५० हजार. तुमचा स्वतःचा पगार यात धरलेला नाही, तो पहिलं वर्षभर नसतोच. सगळा माल धरून सरासरी २२ टक्के सुटतात असं माना. ब्रँडच्या पाकिटांत कमी सुटतं, स्वतः बांधलेल्या पिठात जास्त. पण कीड लागलेलं, तारीख उलटलेलं, चाखायला दिलेलं यात तीन टक्के जातात. हातात १९ राहिले.

५० हजार भागिले १९ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे २ लाख ६३ हजारांची विक्री. आठवड्याची सुट्टी धरून २६ दिवस, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या वर. बिल सरासरी साडेतीनशेचं झालं तर रोज २९ बिलं. आणि इतकं केल्यावर नफा शून्य!

आता याची घरं करा. नेहमीचं घर महिन्यात दोनदा येतं असं धरलं, तर पावणेचारशेच्या वर नेहमीची घरं हवीत. वीस घरांतलं एक घर तुमचं झालं (हे मी आशावादी म्हणेन) तर आजूबाजूला साडेसात हजार घरं हवीत. आता गच्चीवर चढून किंवा नकाशा उघडून इमारती मोजा. वीस-वीस फ्लॅटच्या पावणेचारशे इमारती दोन किलोमीटरमध्ये आहेत का? इंदिरानगर-पाथर्डी फाट्याच्या पट्ट्यात शोधल्या तर सापडतील. बंगल्यांच्या भागात सापडणार नाहीत, तिथे बिल मोठं व्हावं लागेल. कमी पडत असतील तर भाड्याचा आकडा खाली आणा. मुख्य रस्ता सोडून दुसऱ्या गल्लीत गेलात की भाडं उतरतं, आणि आपल्या धंद्याला गल्ली चालते. नेहमीचं गिऱ्हाईक पत्ता शोधत येतं, पाटी बघून नाही.

कुंभमेळ्याचं गणित यात घालू नका. २०२७ च्या सिंहस्थाचं नाव सांगून भाडं चढवणारे मालक भेटतील. २०१५ मध्ये मी पंचवटीत माहेरी होते. पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद, गाड्या लांब अडवलेल्या आणि भाविकाला हवं असतं पाणी, चहा, फराळ. त्याला तुमचं नागली-सत्त्व घरी न्यायचं नसतं, आणि तुमचं रोजचं गिऱ्हाईक त्या दिवशी घराबाहेर पडत नाही.

पायरी ८ : आठ रविवार

इथवर सगळं जुळलं तरी गाळा घेऊ नका. त्या भागातल्या तीन-चार सोसायट्यांच्या अध्यक्षांना भेटून रविवारी सकाळी गेटजवळ टेबल मांडायची परवानगी घ्या. माल पंधरा प्रकारांचा, त्याहून जास्त नको. एका रविवारी एक सोसायटी, अशी पाळी लावून आठ रविवार करा. विक्री व्हायला एकच रविवार पुरतो: नवं काहीतरी आलंय, शेजारणीनं घेतलं म्हणून हिनं घेतलं. त्या विक्रीची नोंद ठेवा पण तिला भुलू नका. पाहायचं ते दुसरी-तिसरी खेप. कोण परत आलं आणि तेच परत घेतलं का? फोन नंबर विचारून एका वहीत घर-क्रमांकानुसार लिहीत गेलात तर आठव्या रविवारी कळतं.

माझा अनुभव असा की पहिल्यांदा घेणाऱ्या तिघांपैकी एक जरी तोच माल घ्यायला परत आला तर तो भाग धरायचा. पाचांत एक असेल तर माल बदलून आणखी चार रविवार. दहात एक असेल तर टेबल गुंडाळायचं, आणि वाईट वाटून घ्यायचं नाही, कारण अडकले फक्त पंधरा प्रकारांचे पैसे.

रविवार श्रावणात किंवा नवरात्रात आले तर सावध. तेव्हा भगर, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ धडाधड जातं आणि तुम्हाला वाटतं आपण जिंकलो. भाद्रपदात तेच टेबल मांडून बघा. दिवाळीनंतर डिंक, अळीव, खारीक यांचंही असंच. आणि भगरीचं सुटं पीठ ठेवूच नका. दमट हवेत बुरशी धरलेल्या भगर-पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत येतच असतात. पाकीटबंद, तारीख असलेली भगर ठेवा, पीठ घरी दळून घ्या म्हणून सांगा.

पायरी ९ : कागद आणि पावसाळा

कागद फार नाहीत पण आधी करा. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज करून मिळतो. उलाढाल किती यावर नुसती नोंदणी की परवाना ते ठरतं, मर्यादा अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच पाहा. जीएसटी वस्तूंच्या दुकानाला वर्षाला ४० लाखांपर्यंत लागत नाही, वरच्या हिशेबातलं दुकान त्याच्या आत बसतं. पण सुट्या आणि पाकीटबंद धान्याला कराचा नियम वेगळा आहे, तेव्हा एकदा सीएला विचाराच. स्वतः पाकिटं बांधणार असाल तर वैधमापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे वजन, किंमत, तारीख, नाव-पत्ता सगळं हवं, आणि काट्यावर चालू वर्षाची मोहोर. पाटी मराठीत, देवनागरीत.

'सेंद्रिय' हा शब्द जपून. छोट्या शेतकऱ्यानं स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकलं तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. तोच माल तुमच्या कपाटात आला की एनपीओपी किंवा पीजीएस या सेंद्रिय मालाच्या सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर 'पेठच्या अमुक गावची नागली' असं लिहा. नाशिककराला गावाचं नाव जास्त पटतं.

गाळा बघायला जुलैत जा. उन्हाळ्यात सगळेच गाळे कोरडे असतात. भिंतीला हात लावून ओल पाहा, कोपऱ्यात वास घ्या. बाजरीचं पीठ पंधरवड्यात कडवट होतं, अक्रोड आणि जवसाची पूड त्याच वाटेनं जाते, तांदळाला टोके लागतात. ओलीच्या गाळ्यात ते तीन टक्क्यांचं नुकसान आठवर जातं आणि पायरी ७ चा सगळा हिशेब कोसळतो. अख्खी नागली मात्र वर्षानुवर्षं टिकते, म्हणून साठा अख्ख्याचा करा आणि दळा आठवड्यापुरतं. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवून घ्या. आपल्या राज्यात ते बंधनकारक आहे, आणि 'लॉक-इन'चं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी गाळा सोडला तरी भाडं भरायचं, कलम मोठ्यानं वाचून घ्या. माझ्या पहिल्या गाळ्याचं मी वाचलं नव्हतं, शेवटचे पाच महिने बंद दुकानाचं भाडं भरलं.

आणि आठ रविवारांनंतर उत्तर 'थोडंफार' असं आलं तर? माझं तसंच आलं होतं, तिघांत एक नाही, पाचांतही नाही, मधलं काहीतरी. मी गाळा घेतला नाही. ज्या गिरणीवाल्या दादांनी आकडा सांगितला होता त्यांच्याकडे गेले आणि जात्यासमोरच्या भिंतीवर तीन फुटी कपाट लावायची परवानगी मागितली. लोक दळणासाठी वीस मिनिटं थांबतात, समोर काय आहे ते वाचतात. विक्रीच्या दहा टक्के त्यांचे, नुकसान माझं, लाइट त्यांची. सत्त्व, ज्वारीचं पीठ, नागलीची बिस्किटं, कारळ्याची चटणी आणि बिनसाखरेचे मऊ लाडू, एवढे पाचच प्रकार. दीड वर्ष ते कपाट चाललं. मग बाजूचा गाळा रिकामा झाला तेव्हा दादांनीच मालकाला फोन लावला. तोवर वहीत चारशे बारा घरांचे नंबर होते.